सार्वजनिक म्हणजे कोणाचे? : गिरणगावातील एका शब्दाची तपासणी

१

गिरगावातून निघून भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ करीत दादरपर्यंत पायी गेले, तर वाटेत एक शब्द सारखा भेटत राहतो : सार्वजनिक. सार्वजनिक उत्सव मंडळ, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक बांधकाम विभाग, सार्वजनिक शौचालय. चाळीच्या नळावर पूर्वी याच शब्दाने भांडणे लागत आणि याच शब्दाने मिटतही. निवडणुकीच्या दिवसांत त्याची भावंडे, म्हणजे जनहित, लोककल्याण आणि लोकसेवा, फलकांवर येऊन बसतात. या शब्दाची इतकी सवय झाली आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही.

मी परळच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत साचेखात्यात होते. पदवीचे शिक्षण अर्धवट राहिले. पुढचे जे काही वाचन झाले ते नोकरी सांभाळून, ग्रंथालयांच्या टेबलांवर. त्या वाचनात गेली काही वर्षे मी हा एकच शब्द गिरणगावच्या इतिहासात शोधतो आहे. कोणी तो कोणाच्या वतीने वापरला, त्यात कोण मोजले गेले, कोण बाहेर राहिले, आणि ज्या पुढाऱ्याने तो वापरला त्याने नंतर हिशेब दिला का, हे माझे प्रश्न आहेत. नेत्याची जबाबदारी हा विषय आपल्याकडे बहुधा चारित्र्याचा विषय म्हणून लिहिला जातो. अमुक नेता त्यागी होता, तमुक विकला गेला, असे त्याचे स्वरूप असते. मला ती मांडणी अपुरी वाटते. नेता भला की बुरा याआधी त्याला कोणी पाठवले आणि परत बोलावण्याची सोय होती का, हे विचारले पाहिजे. हा लेख त्या अंगाने केलेली तपासणी आहे. त्यात सभांचे ठराव येतील, एक नाटक येईल आणि सरकारी नियमावलीतील एक कलमही येईल. साहित्याच्या मासिकात नियमावली कशाला, असे कोणी विचारील. पण गिरणगावाचे भवितव्य ज्या मजकुराने ठरवले तो मजकूर कवितेइतक्या बारकाईने आपण वाचला नाही, हेच माझे म्हणणे आहे.

२

राजकीय अर्थाने हा शब्द मराठीत रुळवण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या सार्वजनिक सभेला जाते. ती १८७० मध्ये स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी यांना तर लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखू लागले. सभेची एक गोष्ट आज जवळजवळ विसरली गेली आहे. सभासद होण्यासाठी नुसती वर्गणी पुरत नसे. किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुख्त्यारनामा आणावा लागे. आरंभीचे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बसले होते, अशी नोंद आहे. मतदानाचा हक्क नव्हता, कायदेमंडळ म्हणावे असे काही नव्हते, अशा काळात ‘मी लोकांच्या वतीने बोलतो’ असे म्हणणाऱ्याने त्याचा कागद दाखवावा, ही अट मला फार मोलाची वाटते.

तरीही या सहा हजारांत कोण होते, हा प्रश्न उरतोच. सभेत वजन होते ते वतनदार, सरदार, सावकार, वकील आणि सरकारी नोकर यांचे. महात्मा फुल्यांनी सभेच्या नावातील विसंगतीवर बोट ठेवले. शेतकरी, माळी, महार-मांग ज्या सभेत नाहीत ती सार्वजनिक कशी, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. फुल्यांनी शब्द मात्र टाकून दिला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या ग्रंथाच्या नावात त्यांनी तोच शब्द घेतला : ‘सार्वजनिक सत्यधर्म’. त्यात ते स्त्री आणि पुरुष असा दोहोंचा उल्लेख आग्रहाने करतात. म्हणजे वीस-एकवीस वर्षांत एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. एका अर्थाने सार्वजनिक म्हणजे लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, आणि दुसऱ्या अर्थाने सार्वजनिक म्हणजे कोणालाही न वगळणे. पहिल्यात मुख्त्यारनामा आहे पण माणसे थोडी, दुसऱ्यात सगळी माणसे आहेत पण त्यांनी कोणाला कसे पाठवावे याची रीत अजून ठरायची होती.

३

ती रीत मुंबईत, गिरण्यांच्या फाटकांवर घडू लागली. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सहकारी. ‘दीनबंधू’ हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईहून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई या त्यांतील मुख्य मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सगळे रविवारी जे उशिरा उठतो, त्यामागे ही सभा आहे.

लोखंडे यांची संघटना आजच्या अर्थाने युनियन नव्हती. वर्गणी नव्हती, घटना नव्हती, निवडणूकही नव्हती, आणि अभ्यासकांनी ते लिहूनही ठेवले आहे. मला तरीही त्यांचे वेगळेपण दोन ठिकाणी दिसते. पहिले म्हणजे साडेपाच हजार सह्या. पुण्याच्या सभेचा मुख्त्यारनामा इथे अंगठ्यांपर्यंत उतरला. दुसरे म्हणजे १८९३. त्या वर्षी मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. लोखंड्यांनी कामगारांत सलोखा राखण्यासाठी काम केले. पुढे प्लेग आला, माणसे मुंबई सोडून पळू लागली, तेव्हा ते रुग्णांच्या सोयीसाठी धावले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. ज्यांच्या सह्या घेतल्या त्यांच्याच रोगाने मरणारा पुढारी पुढे क्वचितच दिसतो.

त्याच १८९३ मध्ये गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. घरातला देव चाळीच्या चौकात आला. ही घटना लहान नाही. चाळीत एरवी एकमेकांकडे पाणी न पिणारी माणसे एका मांडवात बसू लागली, हे खरे आहे. पण मांडवाला सह्या लागत नाहीत. तिथे व्याख्याता येतो, श्रोते ऐकतात. सार्वजनिक या शब्दाला गर्दीचा अर्थ चिकटला तो इथून, असे मला वाटते. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब होता. सैन्य आले, गोळीबार झाला, माणसे मेली. जगाच्या इतिहासात या संपाचे स्थान मोठे आहे. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती. कामगारांनी नेत्यासाठी स्वतःचा पगार आणि जीव दिला. उलट दिशेची जबाबदारी, म्हणजे नेत्याने कामगारांना काय द्यायचे, ती त्या सहा दिवसांत कोणी लिहून घेतली नाही. ते देणे पुढच्या पिढ्यांकडे थकबाकी म्हणून राहिले.

४

थकबाकी वसुलीची पहिली मोठी रचना १९२८ च्या संपात उभी राहिली. त्याआधी नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापून रात्रशाळा, वाचनालये, सहकारी पेढ्या असे काम गिरणगावात चालवले होते. परळचा दामोदर हॉल त्या संस्थेचा. जोश्यांचा मार्ग सेवेचा होता. १९२८ चा संप मात्र एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, पुढे आली. डांगे, जोगळेकर, निंबकर यांची नावे आपल्याला पाठ असतात. मला त्यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात त्या गिरणी समित्या. प्रत्येक गिरणीत, खात्याखात्यांतून कामगारांचे प्रतिनिधी निवडायचे आणि पुढाऱ्यांचा निर्णय त्यांच्यासमोर ठेवायचा. जॉबरच्या मर्जीवर नोकरी टिकवणाऱ्या माणसाला आपला प्रतिनिधी आपण निवडावा आणि तो चुकला तर बदलावा, हा अनुभव इथे मिळाला.

आणि तरीही फुल्यांचा प्रश्न याच संपात पुन्हा उभा राहिला. गिरणीतील मागखात्यात पगार बरा असे आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू दिले जात नव्हते. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगितले जाई. मालकाने ही बंदी घातली नव्हती. ती घालणारे होते ते शेजारी उभे राहून ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ म्हणणारे कामगार. डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा १९२८ मध्ये संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. जी एकजूट एका खात्याचे दार बंद ठेवते तिच्या संपात आमच्या माणसांनी उपाशी का राहावे, हा त्याचा साधा अर्थ होता. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्धच्या संपात हेच आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्ष घेऊन कम्युनिस्टांच्या बरोबर उभे राहिले. संपाचा हक्क त्यांना सर्वांचा वाटत होता. या दोन घटना एकत्र वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. सर्वांचे हित म्हणजे बहुसंख्यांना सोयीचे ते नव्हे, हे सांगणे ही पुढाऱ्याची जबाबदारी आहे. विरोधकांना तर कोणीही सुनावतो, हे आपल्याच माणसांना सांगावे लागते. १९२८ च्या पुढाऱ्यांनी ते पुरेसे ठणकावून सांगितले नाही, कारण मागवाले हाच त्यांचा बालेकिल्ला होता.

५

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. कापड धंद्यात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन मानायची, वाटाघाटी तिनेच करायच्या, असे त्याने ठरवले. ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. दहा युनियन दहा बाजूंनी ओढत असतील तर करार कोणाशी करायचा, ही अडचण खरी होती. पण मुख्त्यारनाम्याच्या दृष्टीने काय झाले ते पाहा. प्रतिनिधी कोण हे ठरण्याची जागा गिरणीच्या फाटकावरून निबंधकाच्या कचेरीत गेली. कामगारांचे गुप्त मतदान घेण्याची तरतूद नव्हती. पाठवणाऱ्यांचा विश्वास उडाला तरी पाठवलेला जागेवर राहू शकत होता.

याच काळात गिरणगावाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रक्त सांडले आणि १ मे १९६० रोजी राज्य मिळवले. त्यानंतरच्या दशकात पुढारीपणाचा आणखी एक नमुना वस्तीत आला, तो म्हणजे शाखा. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या शाखा नाक्यानाक्यावर उघडल्या. नळाला पाणी नाही, पोराला शाळेत प्रवेश नाही, म्हातारीला रुग्णवाहिका हवी, तर शाखेत जायचे आणि काम व्हायचे. माझ्या आईनेही ती पायरी चढली आहे आणि तिचे काम झाले आहे, हे मी विसरत नाही. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले आणि गिरणगावाच्या राजकारणाचे सुकाणू फिरले. शाखेच्या पद्धतीने माणसाचे काम होत असे, पण झालेले काम उपकार म्हणून नोंदले जाई. पाणी हा हक्क आहे आणि ते न येणे हा कोणाच्या तरी जबाबदारीचा भंग आहे, हे उपकाराच्या वहीत लिहिले जात नाही. ही पद्धत पुढे सर्वच पक्षांनी उचलली.

१८ जानेवारी १९८२ चा संप या दोन्ही गोष्टींना दिलेले उत्तर होते. कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले ते मान्यताप्राप्त युनियन आपली नाही हे सांगायला. पगारवाढीइतकीच १९४६ चा कायदा रद्द करण्याची मागणी महत्त्वाची होती. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. त्याच आठवड्यात राज्यात मुख्यमंत्री बदलले, अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले आले, आणि वर्षभराने तेही जाऊन वसंतदादा पाटील आले. ‘आम्ही मान्यताप्राप्त युनियनशीच बोलू’ हे उत्तर मात्र तिन्ही राजवटींत बदलले नाही. लाखभराहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

सामंतांच्या प्रामाणिकपणाबद्दल गिरणगावात आजही आदराने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. तरी माझी त्यांच्यावर एक टीका आहे आणि ती करताना मला जड जाते. इतक्या मोठ्या मुख्त्यारनाम्याचा नेता परत येऊन ‘आपण हरलो, आता काय वाचवता येईल ते पाहू’ असे म्हणाला नाही. कदाचित कामगारांनी त्याला ते म्हणू दिले नसते. विजयाची सभा सगळेच घेतात, पराभवाची सभा घेण्याची रीतच आपल्याकडे नाही. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. त्यांचा रोख सत्ताधाऱ्यांकडे होता हे उघड आहे, पण सत्तेबाहेरच्या नेत्यालाही तो लागू पडतो. भक्त नेत्याला हरल्याचे कबूल करू देत नाहीत आणि त्याची किंमत शेवटी भक्तच मोजतात.

६

आता नियमावलीकडे येतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनींविषयी होता. बंद वा आजारी गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास मालकाला करता येईल, पण ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी त्याची योजना होती. नेमके प्रमाण भूखंडाच्या आकारानुसार बदलत असे. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे सहाशे एकर धरली जाते. दाटीवाटीच्या या शहराला मध्यभागी मोठे मोकळे पट्टे मिळण्याची ती बहुधा शेवटची संधी होती. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा करावा असे सुचवले. खाजगी मालकांनी दार न उघडल्याने समितीला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांपुरतेच पाहता आले. त्या अहवालाचे पुढे काही झाले नाही.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न राहता ‘ओपन लँड’ची, म्हणजे मोकळ्या जमिनीची आणि शिल्लक चटईक्षेत्राची झाली. सगळे भांडण या दोन शब्दांत आहे. गिरणीचे आवार म्हणजे शेड, गोदामे, चिमणी, कचेरी. मोकळी जागा फार थोडी. जुन्या इमारती पाडल्या की सगळीच जमीन मोकळी होते. तेव्हा मोकळी म्हणजे आज मोकळी, की पाडल्यावर मोकळी होणारी? पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुसरा अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निर्णय फिरवून पहिला अर्थ मान्य केला आणि बदललेला नियम वैध ठरवला. शहराचा वाटा मुळातल्या कल्पनेच्या मानाने अगदीच आक्रसला.

एखाद्या कवितेत एका शब्दाने अर्थ बदलतो असे आपण समीक्षक नेहमी म्हणतो. इथे एका विशेषणाने मैदानांचा अर्थ बदलला. हा मजकूर लिहिणारा कोणी कवी नव्हता. त्याच्यावर कोणाची सही लक्षात राहावी अशी त्याची रचनाच नसते. १९९१ मध्ये काँग्रेसचे सरकार होते, १९९५ ते ९९ शिवसेना-भाजप युतीचे, २००१ मध्ये काँग्रेस आघाडीचे. म्हणजे गिरणगावात मते मागणारा बहुतेक प्रत्येक पक्ष या दहा वर्षांत कधी ना कधी सत्तेत होता.

बदलाच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. १९९१ चा नियम कागदावर उदार होता, पण दोन तृतीयांश जमीन सोडावी लागणार म्हणून मालक पुनर्विकासाला पुढेच येत नव्हते. गिरण्या गंजत होत्या आणि कामगारांची देणी अडकली होती. मालकाला अधिक जमीन दिल्याशिवाय पैसा सुटणार नाही आणि कामगाराच्या हाती काही पडणार नाही, असे सांगितले गेले. मी हे सरसकट खोटे मानत नाही. थकलेल्या देण्याच्या धनादेशाची वाट पाहणारे घर मी आतून पाहिले आहे. पण मग पुढाऱ्याची जबाबदारी ही होती की त्याने लालबागच्या मैदानात येऊन सांगावे : मैदाने आणि घरे यांतला इतका हिस्सा आपण सोडतो आहोत, त्याबदल्यात इतकी देणी इतक्या मुदतीत मिळतील, तुमचे काय म्हणणे? सर्वांच्या मालकीचे काही सोडून द्यायचे तर ते सर्वांना सांगून सोडावे, इतकेच. अशी सभा झाल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

आणि इथे बोट माझ्याकडेही वळते. नगररचना कायद्यानुसार असा बदल करताना हरकती व सूचना मागवाव्या लागतात. नोटीस निघते, मुदत असते. त्या वर्षी मी परळमध्येच राहत होतो, वर्तमानपत्र रोज वाचत होतो, कामगार चळवळीवर टिपणेही काढीत होतो. ती नोटीस मी वाचली नाही. हरकतीचे एक पोस्टकार्डसुद्धा मी पाठवले नाही. कोणत्या नेत्याने कोणाला फसवले यावर मात्र मी कितीतरी रात्री वाद घातला. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांनी निवेदनावर सही वा अंगठा केला. त्यांतले बहुतेक निरक्षर असतील. मला वाचता येत होते.

७

आपल्या साहित्याने या सगळ्याकडे कसे पाहिले? मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून गिरणी मराठी लेखनात आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर या शाहिरांनी तिला रस्त्यावर आणले. नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेचा कर्ता केले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ संपानंतर कोसळणाऱ्या एका घराचे नाटक आहे. त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाच्या नावातच गिरणीची राख आहे. या लेखनाचे माझ्यावर ऋण आहे. ‘अधांतर’मधली धुरींची खोली ही मला माझ्याच मजल्यावरची वाटते.

तरी समीक्षक म्हणून एक उणीव मांडतो. ‘अधांतर’मध्ये संप दाराबाहेर आहे. त्याचा घरावर होणारा परिणाम आपण पाहतो, भाऊ-बहिणींचे होणारे तुकडे पाहतो, आईचे सोसणे पाहतो. ज्या खोलीत निर्णय झाला ती खोली दिसत नाही. नाटककाराने ती मुद्दाम दूर ठेवली, आणि त्या नाटकापुरते ते बरोबरच आहे. पण त्या खोलीत जाणारे दुसरे नाटक किंवा कादंबरी मराठीत माझ्या वाचनात नाही. कचेरीत बसून ‘मोकळी’ हे विशेषण लिहिणारा अधिकारी, त्याच्यावर सही करणारा मंत्री, सही करताना त्याला आठवलेला किंवा न आठवलेला मतदारसंघ, ही पात्रे आपल्या साहित्यात आलेली नाहीत. आपल्याकडे पुढारी येतो तो पोवाड्यात नायक म्हणून किंवा ग्रामीण कथेत खलनायक म्हणून. दोन्ही रूपांत त्याला हिशेब विचारता येत नाही. एकाची आपण आरती करतो, दुसऱ्याला शिव्या देतो. वाचकालाही मग खऱ्या आयुष्यात याच दोन गोष्टींची सवय लागते.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमवलेला मौखिक इतिहास याला अपवाद म्हणता येईल. त्यात कामगार, कार्यकर्ते, शाहीर, स्त्रिया स्वतः बोलतात आणि नेत्यांविषयी भक्ती-द्वेषापलीकडचे बोलतात. गिरणगावाच्या समीक्षेला तिथून पुढे जाता येईल.

८

लालबागची एक गोष्ट सांगून थांबतो. १९३२ मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला आणि तिथले कोळी व छोटे व्यापारी उघड्यावर आले. बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये आज ‘लालबागचा राजा’ म्हणून ओळखला जाणारा गणपती बसला. आज तिथे नवसाची वेगळी रांग असते. माणसे तासन्‌तास उभी राहून मूल, नोकरी, घर मागतात. ज्याच्या त्याच्या गरजेला मी हसत नाही. पण ज्या नवसाने हा उत्सव सुरू झाला तो एका माणसाचा नव्हता, बाजाराचा होता. सर्वांना जागा मिळावी असे सर्वांनी मिळून मागितले होते. सार्वजनिक या शब्दाचा इतका स्वच्छ अर्थ मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. गिरण्या गेल्या तिथे कचेऱ्यांचे मनोरे आले, माणसे वाढली आणि पूल तेवढाच राहिला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण गेले. पुढच्या वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलायला माझी हरकत नाही. पण नाव बदलण्याची मागणी करायला जितके पुढारी पुढे आले, तितके पूल रुंद करण्याची मागणी घेऊन आधी आले होते का, हे त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना विचारावे. गिरणी कामगारांच्या घरांचेही तेच. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची सोडत झाली. उरलेल्यांना आता शेलू-वांगणीची नावे सांगितली जातात. परळच्या जमिनीतला वाटा कर्जतच्या वाटेवर गेला, आणि तो कसा गेला हे सांगायला कोणी आले नाही.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर वर्गणीच्या पावत्या होत्या. युनियनची, मंडळाची, ग्रामस्थ मंडळाची, वाचनालयाची. प्रत्येक पावतीवर क्रमांक आणि वसूल करणाऱ्याची सही. दर वर्षी जमाखर्च वाचला जायचा तेव्हा ते आवर्जून जात, आणि एकदा मंडपाच्या खर्चात बारा रुपयांचा फरक निघाला म्हणून सभा रात्री एकपर्यंत चालली होती, असे आई सांगायची. बारा रुपयांसाठी एकपर्यंत बसणारी ती माणसे कंजूष नव्हती. सर्वांचा पैसा आहे तर सर्वांना हिशेब मिळाला पाहिजे, इतके त्यांना कळत होते. सहाशे एकरांसाठी तशी एक सभा अजून व्हायची आहे.